पुलावरची धाप

एकदा एका शिष्येकडे एक जुना खेळ नव्या यंत्रावर नेण्याचे काम आले. शिष्येचे नाव वृषाली. खेळ पंचवीस वर्षांपूर्वीचा, टीव्हीला डबा जोडून खेळायचा. त्यात एक पहारेकरी जळता किल्ला सोडून निघतो आणि शेवटी एका लांब पुलावर येतो. पलीकडच्या तटावरून बाणांचा वर्षाव होत असतो आणि तो चुकवत पूल ओलांडायचा असतो. लहानपणी वृषालीच्या थोरल्या भावाने, श्रीरंगदादाने, तो पूल कितीदा तरी ओलांडला होता आणि ती शेजारी बसून पाहत आली होती. म्हणूनच कंपनीत हे काम आले तेव्हा तिने ते मागून घेतले.

वर्षभर ती त्यात बुडालेली होती. पुसट चित्रे तिने रेखीव केली. जिथे आवाज फाटत होता तिथे तो स्वच्छ केला. पुलावर बाणांची गर्दी झाली की जुना डबा मंदावत असे, सारे काही पाण्याखालून चालल्यासारखे दिसे. तो दोषही तिने काढून टाकला. संगणकावर सारे झरझर धावू लागले. कंपनीचे साहेब खूश झाले.

मग खेळ चाचणीसाठी काही जुन्या खेळाडूंना दिला गेला आणि त्यांचे अभिप्राय येऊ लागले. कोणी रागावले नव्हते. छान झाला आहे, असेच सगळे म्हणत. पण त्यापुढे एक वाक्य असे: काहीतरी हरवले आहे. काय हरवले आहे ते कोणालाच सांगता येत नव्हते. वृषाली पुन्हा तपासायला बसे. प्रत्येक बाण मूळ खेळात लिहिला होता तसाच, तेवढ्याच वेगाचा निघे. ती दमत चालली होती, आणि श्रम नेमके कुठे करायचे तेच कळत नसले की तो थकवा झोपेनेही उतरत नाही.

एका रविवारी तिने खेळ दादाच्या घरी नेला. दादा साखर कारखान्यात केमिस्ट होता, चाळिशी ओलांडलेला, अबोल. तो हौसेने बसला. किल्ला सहज सुटला. पुलावर मात्र तो पडला, पुन्हा पडला, पडतच राहिला. शेवटी त्याने रिमोट अलगद सतरंजीवर ठेवला.

"माझाच हात गेला आता," तो म्हणाला. "तुझं काम चांगलं झालंय गं."

त्यानंतर फोनवर त्याने खेळाचा विषय काढला नाही. वृषालीला ते सर्वांत जास्त लागले.

तिला हे काम शिकवणारे ठोसर सर आता निवृत्त होते. उभे आयुष्य त्यांनी एका यंत्रावरचे खेळ दुसऱ्या यंत्रावर नेण्यात घालवले होते. वृषाली त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "सर, मला हे सोडायचंय. सगळं बरोबर आहे आणि तरी चुकतंय. माझ्यात आता पाहायची ताकद नाही."

सरांनी समजूत घातली नाही. "तुझ्या भावाला घेऊन ये," ते म्हणाले, "आणि तो जुना डबा चालत असेल तर तोही."

डबा चालत होता. दादा संकोचत आला. सरांनी त्याला टीव्हीसमोर बसवले आणि स्वतःची खुर्ची उलटी फिरवली. पडद्याकडे पाठ करून ते दादासमोर बसले. वृषालीला हे विचित्र वाटले. ज्या कामाची पारख करायची त्याकडे हे पाहणारच नाहीत का? पण विचारायचेही त्राण तिच्यात नव्हते.

दादा आधी नवा खेळ खेळला. पुलावर पडला. मग जुना डबा जोडला. चित्र पुसट, आवाज फाटका. पूल आला, बाण दाटले, डबा मंदावला, आणि दादा शांतपणे पलीकडे गेला. मग स्वतःच चकित होऊन हातातल्या रिमोटकडे पाहत राहिला.

"वृषाली, तू काय पाहिलंस?" सरांनी विचारले.

"पडदा."

"मी याचे खांदे पाहत होतो. जुन्या खेळात पुलाच्या मध्यावर ते खाली आले. याने श्वास सोडला, पुढचे बाण पाहिले, मग पाऊल टाकलं. तुझ्या खेळात त्याला श्वास सोडायला जागाच मिळाली नाही."

"पण सर, बाणांचा वेग तोच आहे. मी मूळ खेळातूनच घेतलाय."

"लिहिलेला वेग तोच आहे. त्या डब्याने मात्र तो तसा कधी खेळवलाच नाही. त्याला तिथे धाप लागायची. बनवणाऱ्यांनी ती धाप पाहिली आणि तिच्या भरवशावर बाण वाढवले. यंत्राचा तो दोषच होता, पण माणसं त्या दोषात विसावत होती. तू बाण आणलेस आणि विसावा काढून टाकलास." सर पुढे म्हणाले, "मीही असे कितीतरी विसावे पुसलेत. खेळणाऱ्यांनी तक्रार केली नाही. त्यांना वाटलं, आपलंच वय झालं."

दादाने मान वर केली नाही. पण त्याच्या चेहऱ्यावरचे काहीतरी सैल झाले.

वृषालीने परत जाऊन पुलावरचा तो मंदपणा हाताने घडवला. वेगवान यंत्राला कुठे, किती अडखळायचे ते शिकवणे सोपे नव्हते. साहेब नाराज झाले. "लोक म्हणतील संगणक अडकतोय," ते म्हणाले. तिने वाद घातला, थकलेल्या आवाजात, पण मागे न हटता. अखेर त्यांनी मान्य केले. खेळ बाहेर पडल्यावर एका परीक्षकाने खरोखरच लिहिले की सारे उत्तम आहे, फक्त पुलावर खेळ रखडतो. वृषालीने ते वाचले आणि काहीही बदलले नाही.

तिने खेळ पुन्हा दादाकडे नेला. तो पूल ओलांडून गेला, घाई न करता, आणि पहारेकरी पलीकडच्या झाडीत दिसेनासा होईपर्यंत पाहत बसला.

"हा तर आपला जुनाच खेळ आहे," तो म्हणाला. "तू यात केलंस तरी काय?"

वर्षभरात प्रथमच वृषालीने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.