ठकूबायची कर्दळ

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी खाडीकाठच्या बोरथळ गावात ठकूबाय नावाची सुईण होती. गावातलं एकूण एक माणूस तिच्या हातावर जन्मलेलं, अगदी मिशीला पीळ देणारा खोतसुद्धा.

गाव सखल. घरोघरी न्हाणीमागे पाणी तुंबायचं, बारमाही चिखल आणि डास. ठकूबाय काय करायची, बाळाला पहिली आंघोळ घातली की त्या चिखलात कर्दळीचा कांदा लावायची आणि बाळंतिणीला सांगायची, "हिला जप गो बाय. ही वाढली की पोर वाढलं समज." खरं तर तिला तुंबलेलं पाणी पिणारं झाड हवं होतं. पण नुसतं झाड लावा म्हटलं तर कोण ऐकतंय? पोराचं नाव घातल्यावर मात्र सगळ्या सासवा मुकाट कर्दळ राखू लागल्या, आणि परसं लाल-पिवळी झाली.

पुढे ठकूबायची गावातच दिलेली लेक मंजुळा हिला मुलगी झाली, चंपी. चंपी रांगायला लागली आणि तापाने फणफणली. नेमका तेव्हाच तिच्या कर्दळीचा फुलून गेलेला दांडा सुकायला लागला. बायका कुजबुजल्या. मंजुळेने तर हायच खाल्ली. पोरीला पाजायचं सोडून ती झाडापाशी बसली आणि घागरीवर घागरी ओतत राहिली.

"आये, तूच सांगितलं होतंस ना?" ती म्हणाली.

ठकूबायला कळून चुकलं. आपलेच शब्द लेकीच्या मानगुटीवर बसले होते, आणि ते खोटे होते म्हटलं तरी ती आता मानणार नव्हती. ठकूबायने घरातून कोयता आणला आणि सगळ्यांदेखत सुकलेला दांडा बुडापासून छाटला.

"माझी पोर मारलीस, आये."

 ठकूबायने खाली बसून चिखल बाजूला सारला. आत लालसर कोंब होता. "फुलून झालेला दांडा जायचाच. कांदा जिता आहे. आता पोरीला पदराखाली घे."

मंजुळेने चंपीला घेतलं. असं म्हणतात, चंपी दूध पीत गेली तसा तो कोंब वर येत गेला, आणि तिचं पोट भरलं तेव्हा त्याला फूल लागलं होतं. ताप उतरला. आता इतक्यात फूल कसं आलं, ते बोरथळात जाऊन विचारू नका. चहासुद्धा मिळायचा नाही.

ठकूबाय पिकल्या वयात गेली. ती सासुरवाशीण, जन्मलेली परगावी, म्हणून तिच्या नावाची कर्दळ गावात नव्हतीच. मग चंपीने आपल्या कर्दळीचा कांदा काढून आजीच्या न्हाणीमागे लावला.

पुढे ते घर पडलं, न्हाणीही पडली. तिथे आता कोणी आंघोळ करत नाही. तरी त्या जागेची माती कधी सुकलेली नाही. बोरथळात आजही मूल जन्मलं की त्याच्या पहिल्या आंघोळीचं तांब्याभर पाणी आधी तिथे नेऊन ओततात आणि हळूच सांगतात, "ठकूबाय, आमच्याकडे पोर झालं गो."