गळका बांध आणि तीन जाणकार

एका मोठ्या तलावाच्या पायथ्याशी एक गाव होतं. पायथ्याशी म्हणजे किती, तर जिथं मातीचा बांध संपायचा तिथंच पहिल्या घराचं अंगण सुरू व्हायचं. ते पहिलं घर कुंभाराचं. बांध त्याच्या आजोबांनी घातलेला, म्हणून त्याची राखण त्याच घराकडे आणि तलावाचं पाणी सोडायच्या दाराची किल्लीही कुंभाराच्याच कमरेला. त्या वर्षी तलाव काठोकाठ भरला होता, खाली गहू गुडघ्याएवढा आला होता, आणि कुंभाराची लेक सगुणा माहेरी बाळंत झाली होती. मुलगी झाली. पाच दिवसांची ती पोर आणि तिची आई बांधाकडच्या खोलीत निजायच्या. गोष्ट बांधाची वाटली तरी ती त्या दोघींची आहे, हे तेवढं ध्यानात ठेवा.

एका सकाळी गवळणीची म्हैस बांधाच्या पायथ्याशी गेली ती तिथून हलेचना. गवळण बघते तर गवतात करंगळी जाईल एवढं भोक, आणि त्यातून पाण्याची धार. ती तशीच कुंभाराच्या दारात गेली.

"दादा, तुमचा बांध गळतोय."

"मातीचा बांध आहे वहिनी, त्याला घाम येणारच," कुंभार हसून म्हणाला.

तसा तो निष्काळजी नव्हता. त्याने भोकाखाली पन्हळ लावली, घागर ठेवली आणि देवळातलं घटिकापात्र आणवलं. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर तरंगत ठेवायची, भरून बुडाली की एक घटका झाली. त्या एका घटकेत बरोबर एक घागर पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर दोन घागरी.

मग पारावर बैठक बसली. सगळ्यात आधी माळी बोलला. माळ्याला बोलायची भारी हौस.

"वाढ कशी होते ते मला विचारा," तो म्हणाला. "माझा दुधीचा वेल रोज वीतभर वाढतो. काल वीत, आज वीत, उद्या वीत. तसंच हे. काल एक घागर, आज दोन, उद्या तीन. पोरीच्या बारशापर्यंत फार तर आठ घागरी होतील. आठ घागरींनी कुणाचं घर वाहून जातं का?"

"आठसुद्धा होणार नाहीत," कुंभार म्हणाला. "ओल्या मडक्याला तडा जातो, तो आधी भराभर पसरतो, मग मंदावतो आणि मग थांबतो. माती पाणी पिऊन फुगते, भोक आपलं आपण बुजतं. चार दिवस धीर धरा."

गवळण मागे उभी होती. "मला वेलातलं कळत नाही आणि मडक्यातलंही नाही," ती म्हणाली. "मला दुधातलं कळतं. चमचाभर विरजण लावलं की किती तरी वेळ दूध दूधच दिसतं. बोट घालून बघा, दूधच. वाटतं, लागलंच नाही. पण आत ते एकाचं दोन, दोनाचं चार होत असतं. मग जरा पाठ फिरवली की सगळं भांडं घट्ट. हे पाणी मला तसलं वाटतंय, दादा."

लोक हसले. बांधाला विरजण लागलंय, असं कुणी तरी म्हणालं आणि ते गावभर झालं.

आता शहाण्या माणसांचं कसं असतं बघा. तिघंही खोटं बोलत नव्हते. वेल तसाच वाढतो, तडा तसाच थांबतो, दही तसंच लागतं. पण विचारलं होतं बांधाबद्दल, आणि सांगत होता जो तो आपापल्या अंगणातलं. गावाने मग जे ऐकायला गोड ते खरं धरलं.

तिसऱ्या दिवशी चार घागरी भरल्या. "मोजताना हात हलला असेल," माळी म्हणाला. चौथ्या दिवशी आठ भरल्या. बारशापर्यंतच्या आठ त्याच दिवशी झाल्या, तेव्हा मात्र माळ्याला शेतात काम निघालं.

गवळण कुंभारापुढे उभी राहिली. "दादा, एक, दोन, चार, आठ. आज दार उघडा. तलाव उतरायला दोन दिवस लागतात, हे तुम्हीच सांगता ना?"

"आणि गव्हाचं काय? पाणी सोडलं तर सगळ्या गावाचा गहू करपेल. माती कशी वागते, ते आता मी तुमच्याकडून शिकायचं का?"

"शिकू नका. पण सगुणाला आणि पोरीला तरी माझ्याबरोबर टेकडीवर पाठवा."

हे ऐकून कुंभारीण आतून बाहेर आली. "बारशाआधी आमच्यात बाळंतीण उंबरा ओलांडत नाही," ती म्हणाली. "माझी सासू आगीतसुद्धा बसून राहिली असती. तुम्ही उगाच भलतंसलतं मनात आणू नका."

गवळणीने आपल्या म्हशी सोडल्या आणि टेकडीवर नेऊन बांधल्या. लोक तिला बघून पुन्हा हसले. कुंभार हसला नाही. भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे कबूल करायची लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी सकाळी सोळा घागरी भरल्या. गावातल्या बायकांनी घरोघरच्या घागरी आणल्या, तेव्हा कुठं मोजता आलं. भरलेल्या घागरी अंगणात ओळीने मांडून ठेवल्या. सूर्य डोक्यावर आला तसं गवळणीने पुन्हा वाटी तरंगत सोडली आणि पुन्हा मोजलं. बत्तीस.

"माझं चुकलं, दादा," ती म्हणाली.

कुंभाराच्या जिवात जीव आला. "म्हणजे थांबतंय?"

"नाही. मी म्हणत होते रोज दुप्पट होईल. हे तर अर्ध्याच दिवसात दुप्पट झालं. माझं दूधसुद्धा याच्यापुढे कमी पडलं."

मडक्याची गोष्ट पुन्हा कुंभाराच्या ओठांवर आली होती. त्याची नजर सकाळच्या घागरींवर गेली. पाणी निवळलं होतं. त्याने एक घागर हळूच कलती केली, वरचं पाणी ओतून दिलं आणि तळात हात घातला. बोटांना दोन बोटं जाडीचा गाळ लागला. पिवळा, चिकट. त्याने तो चिमटीत चोळला, जिभेला लावून पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ही नदीपलीकडच्या खाणीतली माती," तो म्हणाला. "गावात कुठल्याच शेतात ही नाही. आजोबांनी बैलगाड्या भरभरून आणली आणि बांधाच्या पोटात घातली. वहिनी, माती फुगत नाहीये. माती वाहून चाललीये. जितकी माती जाईल तितकं भोक मोठं होणार, आणि जितकं भोक मोठं तितकी जास्त माती जाणार."

"मग दोन दिवस मिळतील का आपल्याला?"

"संध्याकाळ मिळाली तरी खूप झालं."

तो धावत बांधावर चढला आणि दार उघडलं. पाणी धबाधबा सुटलं, पण एवढ्या मोठ्या तलावाला त्याने काय होणार होतं. मग तो पारावर आला. धाप लागली होती, हात चिखलाने भरले होते.

"मी चुकलो," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "बांध जाणार. गुरं सोडा, म्हाताऱ्यांना उचला आणि टेकडीवर चला."

कुणी उठेना. चार दिवस ज्याने धीर धरा म्हणून सांगितलं, त्याचं असं एकाएकी कसं ऐकायचं? माळी तर चिडलाच. "काल थांबेल म्हणालास, आज फुटेल म्हणतोस. उद्या काय म्हणशील? एवढी खात्री असेल तर आधी तुझी बाळंतीण बाहेर काढ. मग आम्ही निघतो."

सगळं गाव कुंभाराकडे बघत राहिलं. कुंभार वळला आणि घराकडे चालू लागला. कुंभारीण उंबऱ्यात आडवी उभी होती.

"तीन दिवस राहिलेत हो बारशाला," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील? पोरीला काही बाधलं तर?"

"तीन दिवस असते तर मीच थांबलो असतो," कुंभार म्हणाला. "मी चार दिवस माझ्या हट्टापायी घालवले. आता तू संध्याकाळ घालवू नकोस."

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपला हट्ट कबूल केल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. ती बाजूला झाली. कुंभार आणि त्याच्या भावाने सगुणाला खाटेसकट उचललं. गवळणीने पोर पदराखाली घेतली. भर उन्हात, नऊ दिवसांची बाळंतीण गावाच्या मधल्या रस्त्याने चालली, आणि दारादारात उभ्या असलेल्या माणसांनी ते पाहिलं. कुंभाराच्या शब्दाने जे झालं नव्हतं, ते त्या खाटेने केलं. कुणी गाईचं दावं सोडलं, कुणी म्हातारीला पाठीवर घेतलं. माळ्याने तर घराला कडीसुद्धा लावली नाही.

सूर्य टेकायला दोन घटका असताना बांध गेला. आधी मधला भाग खचला, मग सगळा तलाव एकदम खाली आला. पहिलं गेलं ते कुंभाराचं घर. ती खोली, तो उंबरा, ते चाक, काहीच उरलं नाही. माणूस एकही गेलं नाही. सगुणाने लेकीला छातीशी धरलं आणि डोळे मिटून घेतले.

पण एवढ्यावर सुटका नव्हती. गावाच्या खालच्या अंगाला दोन टेकड्यांमध्ये अरुंद खिंड होती. तिच्यातून एवढं पाणी निघेना, म्हणून ते गावात तुंबलं आणि टेकडीच्या अंगाने वर चढू लागलं. लोक उभे होते त्यांच्या पाठीशी उभा कडा. तरणे तो कसेबसे चढले असते, म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणीला ते जमणारं नव्हतं.

आता सगळ्यांना गवळणीचं पटलं होतं, आणि पटलं ते जरा जास्तच पटलं. "पाणी दुप्पट होतंय," माळी ओरडला. "वहिनी म्हणाल्या होत्या. चला, कडा चढा." दोघं-तिघं चढूही लागले. त्यातला एक घसरला आणि त्याचं ढोपर फुटलं.

"थांबा," गवळण म्हणाली. "मी बांधाबद्दल बोलले होते. या पाण्याबद्दल मी काय सांगणार? अजून कुणी मोजलंय का ते?"

तिने एक काठी पाण्याच्या कडेला रोवली आणि मोठ्याने शंभर आकडे मोजले. पाणी काठीवर हातभर चढलं होतं. पुन्हा शंभर मोजले. या वेळी वीतभर चढलं. तिसऱ्यांदा मोजले तेव्हा चार बोटं.

"मंदावतंय," माळी म्हणाला. त्याचा आवाज एकदम हलका झाला. "कुंभारा, तुझ्या मडक्याची चाल आहे ही. आधी भराभर, मग हळू, मग थांबायचं. आता थांबणार ना रे?"

सगळी तोंडं कुंभाराकडे वळली. हो म्हणणं किती सोपं होतं. दुपारपासून मान खाली घातलेल्या माणसाला पुन्हा मान वर करायची संधी आली होती. सगुणा दगडावर बसली होती, आणि तीही बापाकडेच बघत होती.

कुंभार हो म्हणाला नाही. तो गुडघ्यांवर बसला, काठीवर नखाने खूण केली आणि शंभर आकडे मोजले. "दोन बोटं," तो म्हणाला. पुन्हा मोजले. "एक बोट." पुन्हा मोजले, तेव्हा पाणी खुणेवरच होतं. तरी तो उठला नाही. त्याने आणखी एकदा मोजलं, आणि आणखी एकदा. शेवटी पाणी खुणेच्या खाली उतरलेलं दिसलं, तेव्हा तो म्हणाला, "आता थांबलंय." मग लेकीजवळ जाऊन बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

गाव पुढे वरच्या अंगाला वसलं. तिसऱ्या दिवशी, चार घागरी भरल्या तेव्हाच दार उघडलं असतं तर तलाव वेळेवर उतरला असता, बांधही राहिला असता आणि घरंही. हे कुणी कुंभाराला सुनावलं नाही. ते तोच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आपणहून, म्हातारा होईपर्यंत.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: वाढणाऱ्या प्रत्येक गोष्टीची चाल तिची स्वतःची असते. आपल्या धंद्यात कळलेली चाल तिला लावण्याआधी तिलाच मोजून बघावं, आणि माप वेगळं सांगू लागलं तर वेळ आहे तोवर आपला हट्ट सोडावा.