बांधाच्या पायथ्याची माती

मुलांनो, ज्या रानात ही गोष्ट घडली तिथे आता कोणी राहत नाही. पण तेव्हा पुष्कळ प्राणी राहत असत. टेकड्यांच्या मधोमध एक मोठे तळे होते. तळ्याला मातीचा बांध होता आणि बांधाच्या खालच्या अंगाला, जिथे हरळी बारा महिने हिरवी असे, तिथे एक सशीण तीन पिल्लांना घेऊन बिळात राहत असे. ती स्वभावाने भित्री होती. वाऱ्याने गवत हलले तरी आधी पिल्लांना पोटाशी घ्यायची आणि मग काय झाले ते पाहायची.

त्या रानाची एक रीत होती. सुगी संपली की प्रत्येकाने आपल्या वाट्यातले थोडे थोडे आणून बेहड्याच्या जुन्या ढोलीत टाकायचे. कोणी कणसे आणी, कोणी मोहाची फुले, कोणी कंद. ढोलीवर खार राखणीला होती. जमलेल्या मालातला पहिला ढीग ती रानडुकरांसाठी बाजूला काढी, कारण बांधाची डागडुजी डुकरे करत. पावसाळ्याआधी ती चिखल तुडवत, भेगांमध्ये भरत आणि शेवटी बांधावर पोटाने लोळून माती गुळगुळीत करत. खुराचा एकही ठसा मागे राहू द्यायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. ठशाच्या खळग्यात पाणी साचते आणि साचलेले पाणी आत शिरायला वाट शोधते, हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे एवढे काम होऊनही बांध आदल्या वर्षीसारखाच दिसे. कोणी काही केले आहे असे पाहणाऱ्याला वाटतच नसे. सगळा घोटाळा झाला तो यामुळेच.

पुढे रानसभेचा सभापती म्हणून कोल्ह्याची निवड झाली. कोल्हा हुशार होता. वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो आहे. सगळ्यांनी आपल्याला चांगले म्हणावे एवढीच त्याची हौस होती, पण ती हौस भारी होती.

पहिल्याच सभेत मोर पिसारा सावरत उभा राहिला. "आपल्या रानात पाहुणा येतो, पण आत आल्यासारखं त्याला वाटतच नाही. वाटेवर एक छानशी कमान हवी," तो म्हणाला.

सभेने माना डोलावल्या. कमान म्हणजे माती आली, माती वाहणारी माकडे आली आणि त्या माकडांचे खाणे आले. कोल्ह्याने ढोलीकडे पाहिले. खार चाचरत म्हणाली, "साहेब, बाकी सगळं वाटून झालंय. पहिला ढीग तेवढा आहे, पण तो डुकरांचा."

"डुकरं कुठे पळून चालली आहेत?" कोल्हा हसून म्हणाला. "बांध मागच्या वर्षी होता तसाच उभा आहे ना? पुढच्या वर्षी डुकरांसाठी दुप्पट तरतूद करू."

खारीला हे पटले नव्हते. पण ती राखणारी होती, अडवणारी नव्हती. तिने ढीग पुढे ढकलला.

कमानीला चांगली चिकण माती हवी होती आणि तशी माती जवळपास एकाच ठिकाणी मिळे, ते म्हणजे बांधाच्या पायथ्याशी. माकडांनी तिथून ती उकरून आणली, धावड्याचा डिंक घालून मळली आणि कमान उभी केली. माती ओली होती तोवर कोल्ह्याने मोराला पुढे बोलावले. "ज्यानं काम सुचवलं, त्याच्या पावलाचा ठसा कामावर राहिला पाहिजे," तो म्हणाला. मोराने ऐटीत पाय उमटवला. उन्हात डिंक वाळला, ठसा दगडासारखा कडक झाला आणि सगळे रान तो बघायला लोटले.

त्या दिवसापासून रानात ठशांचे वेड शिरले. सांबराला अंग घासायला खांब हवा झाला, माकडांना उड्या मारायला मनोरा. कोल्हा कोणालाच नाही म्हणत नसे. दर वर्षी पहिला ढीग अशा कामांना जाई, माती बांधाच्या पायथ्याची येई आणि प्रत्येक कामावर कोणाचे ना कोणाचे पाऊल उमटे. बांधाची डागडुजी कोणी सुचवीना. सुचवून उपयोग काय, तिथे ठसा थोडाच उमटवता येणार होता!

अखेर म्हातारे रानडुक्कर सभेत आले. त्याच्या फासळ्या दिसत होत्या. "आम्हांला ठसा नको, खायला द्या. उपाशी पोटानं चिखल तुडवता येत नाही," ते म्हणाले.

कोल्हा उठून उभा राहिला. "काका, तुमचं काम फार मोलाचं आहे. सभेनं तुमच्या अभिनंदनाचा ठराव एकमतानं मंजूर केलाय."

"तो ठराव चावता येतो का?" डुकराने विचारले. सभा हसली. डुक्कर हसले नाही. आपला कळप घेऊन ते टेकड्यांपलीकडे गेले आणि परत आले नाही. त्यांच्या जाण्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. उलट ढोलीवरचा एक बोजा कमी झाला असे मोर म्हणाला.

त्याच हिवाळ्यात, तळे काठोकाठ भरलेले असताना, सशिणीला बिळाची मागची भिंत ओली लागली. पहिल्यांदा नुसती ओल होती. मग पाणी झिरपू लागले. ते नितळ होते तोवर तिने मनाची समजूत घातली. पण एके सकाळी पाणी गढूळ आले, म्हणजे बांधातली माती पाण्याबरोबर निघून येत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी सभेला गेली.

"बांधातून गढूळ पाणी येतंय," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की मोराने दोनदा "काय? काय?" विचारले. "माझी पिल्लं तिथे झोपतात. बांधाचं काहीतरी करा."

सभेत चुळबुळ झाली. बांधाचे काही करायचे म्हणजे डुकरांना शोधून परत आणायचे, त्यांना पोटभर घालायचे आणि त्या वर्षी बाकीच्यांनी मन मारायचे. अस्वलाला मधाच्या झाडाखाली ओटा कबूल झाला होता, ते गुरगुरले. कोल्ह्याने सगळ्यांकडे एकवार पाहिले आणि मग तो सशिणीपुढे येऊन अदबीने बसला.

"ताई, चूक आमची आहे. आजवर तुमच्या दारात काहीच काम झालं नाही. आम्ही असं करतो, तुमच्या बिळापुढे एक चबुतरा बांधून देतो. खाली दगड, वर चिकण माती. उंच आणि कोरडा. पिल्लं त्यावर बसतील, खेळतील. ओलीचा प्रश्नच मिटला."

सभेत सशिणीला आजवर कोणी ताई म्हटले नव्हते. ती गोंधळली. तिने हळूच विचारले, "त्यावर ठसा कोणाचा?"

"तुमचाच! आणि पिल्लांचेसुद्धा."

रात्री झोपायचे बिळातच, मग बाहेरचा चबुतरा काय कामाचा, हे तिने विचारायला हवे होते. ओल आपल्या बिळात आहे की बांधात आहे, हेही विचारायला हवे होते. तिने विचारले नाही. मला तिचा राग येत नाही, मुलांनो, वाईट वाटते. ज्याला कोणी कधी काही दिलेले नसते, त्याला पहिल्यांदा मिळालेली वस्तू नाकारणे फार जड जाते.

उन्हाळ्यात माकडे आली. त्यांनी दगड रचले आणि माती आणायला ती नेहमीच्या जागी गेली. ती जागा नेमकी सशिणीच्या बिळामागे होती. बांधाच्या पायथ्याला केवढे मोठे खिंडार पडत चालले आहे, हे सशीण दारात उभी राहून बघत होती. "तिथली नका घेऊ," हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. तेवढ्यात पिल्ले मातीच्या गोळ्याशी झोंबत तिच्या पायांत आली. तिन्ही चिखलाने माखली होती आणि विलक्षण खूश होती. तिने ते शब्द गिळले.

चबुतरा सुरेख झाला. सशिणीने आपला पंजा उमटवला. मोठ्या दोघांनी तिच्या पंजाशेजारी आपापले पंजे उमटवले. धाकट्याचा पाय घसरला आणि त्याचा ठसा लांबट, तिरपा उठला. सगळे हसले. "असू दे, तोही छान आहे," कोल्हा म्हणाला. त्याला खरोखरच छान वाटला होता.

पावसाळा नेहमीसारखा आला. श्रावण लागेपर्यंत तळे भरले. एका दुपारी भुरभुर पाऊस पडत होता आणि पिल्ले चबुतऱ्यावर उड्या मारत होती. कोवळे गवत आणायला टेकडीवर निघालेली सशीण मागे वळून म्हणाली, "भिजाल रे, बिळात जाऊन बसा. मी आलेच." पिल्ले शहाणी होती, लगेच आत गेली.

ती अर्ध्या चढावर असताना बांधाच्या पायथ्याशी मातीचा एक मोठा लगदा सुटला. आवाजही फारसा झाला नाही. मग त्याच्यावरची माती खचली, मग त्याच्यावरची, आणि बघता बघता बांध मधोमध बसला. तळे उघड्या दारातून निघावे तसे बाहेर निघाले. सशीण जिवाच्या आकांताने उताराला धावली. पण पाणी तिच्या कितीतरी आधी तिथे पोहोचले होते.

पाणी ओसरले तेव्हा बिळाच्या जागी सपाट गाळ होता. तिने तो नखे रक्ताळेपर्यंत उकरला. काही सापडले नाही. चबुतरा मात्र जागच्या जागी होता, एका अंगाला थोडा कललेला. त्यावरचे ठसे पाण्याने धुऊन स्वच्छ झाले होते. एक तिचा, दोन सारखे आणि एक लांबट, तिरपा. ती वर चढली आणि त्या तिरप्या ठशावर हनुवटी टेकवून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी कमानीखाली सभा भरली. तळ्याच्या जागी चिखल उरला होता आणि चिखलात मासे तडफडत होते. कोल्ह्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खोटे नव्हते. "यंदा पाऊसच फार झाला. त्याला आपण काय करणार?" तो म्हणाला.

"पाऊस दर वर्षीइतकाच झाला," खार म्हणाली. पण ती इतक्या हळू म्हणाली की शेजारच्या सांबरालाही ते ऐकू गेले नाही.

मोर उभा राहिला. आज त्याचा पिसारा मिटलेला होता. "गेलेल्या पिल्लांची आठवण राहिली पाहिजे. एक स्तंभ उभारू," तो म्हणाला. ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला. मातीची आता वाण नव्हती, फुटलेल्या बांधाची माती चहूकडे पसरली होती. माकडांनी ती मळली, कोल्ह्याने सशिणीला बोलावून आणले आणि ओला गोळा तिच्यापुढे ठेवून तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ताई, पहिला ठसा तुमचा."

सशीण गोळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझा एक आहे. तेवढा पुरे."

आणि या वेळी तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. तिने पुढच्या पंजांनी गोळ्यातला एक लचका तोडला, तोंडात धरला आणि ती बांधाकडे चालू लागली. तुटलेल्या कडेवर तिने तो लचका थापला आणि त्यावर आडवी होऊन, डुकरे करत तशी, पोटाने लोळून माती गुळगुळीत केली. उठून वाकून पाहिले. पंजाची एक खूण राहिली होती, ती तिने पुन्हा लोळून पुसली. मग ती दुसरा लचका न्यायला परत आली.

"ताई," कोल्हा कळवळून म्हणाला, "आता तळ्यात पाणी कुठे आहे?"

तिने दुसरा लचका तोडून तोंडात धरला आणि ती पुन्हा बांधाकडे निघाली. कोणी तिच्या मदतीला गेले नाही. सगळ्यांना पाण्याच्या शोधात निघायची घाई होती. उन्हाळ्याच्या आत एकेक करून सगळे निघून गेले. सशीण कधी गेली, की गेलीच नाही, ते कोणाला माहीत नाही.

कमान अजून उभी आहे. तिच्यावरचा मोराचा ठसाही शाबूत आहे, पण तिच्याखालून आत यायला कोणी नाही. आणि पलीकडे फुटक्या बांधाच्या कडेला हातभर माती गुळगुळीत केलेली दिसते. तिच्यावर कोणाचाही ठसा नाही.

तात्पर्य : ज्या कामावर सगळ्यांची घरे टिकून असतात पण ज्यावर कोणाचे नाव लागत नाही, त्याचा वाटा आधी बाजूला काढावा आणि त्याला हात लावू नये. तो वाटा दिखाऊ कामांवर उधळला, तर त्याची भरपाई सगळ्यांत खालच्या घराला करावी लागते.