नदीपलीकडचा निरोप

"...पण आजोबा, टिपऱ्या माझ्या हाती देणार तरी कधी?"

अडुसेईने हा प्रश्न ओपोकूंना इतक्यांदा विचारला होता, की हल्ली तो उत्तराची वाटही बघत नसे. म्हातारे ओपोकू घानामधल्या त्या रानातल्या गावाचे ढोलिये. त्यांच्या जोडढोलांतला एक खर्जात बोले, दुसरा चढ्या आवाजात. तिथली बोलीच चढउतारांची. ढोल तसाच चढला-उतरला की नदीपलीकडच्या गावाला सगळा निरोप समजे.

अडुसेईचा हात मोठा सफाईदार. हे गावाला ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला तो स्वतःच सांगत असे.

आज मात्र त्याच्या आवाजात तोरा नव्हता. बहीण अबेना पलीकडच्या गावात दिलेली. काल दुपारी तिला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, त्यानंतर काहीच नाही. नदीला पूर, होडी बंद.

ओपोकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि वाकड्या टिपऱ्या पुढे केल्या.

"विचार."

त्याने विचारलं, आणि चांगलं झोकात विचारलं. ढोलावर नुसतं 'बाळ' म्हणून भागत नाही. तसे चढउतार कितीतरी शब्दांचे असतात. म्हणून 'चटईवर निजणारं, जमिनीला अजून पाय न लावलेलं बाळ' असं ऐसपैस सांगावं लागतं. अडुसेईने ते सांगितलं. नदीची स्तुती केली, पलीकडच्या मुखियाची केली, स्वतःचं नावही घोळवून घोळवून वाजवलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पलीकडून काही नाही.

त्याने अधिक जोरात विचारलं. घाम डोळ्यांत उतरला.

"तो बेदियाको झोपला असणार," पलीकडच्या ढोलियाचा उद्धार करत तो पुटपुटला. हात चालूच होते. मनात नाही नाही ते येत होतं, आणि हात थांबला की ते खरं होईल अशी त्याला भीती वाटत होती.

ओपोकू उठले. त्यांनी एक तळवा या ढोलाच्या कातड्यावर ठेवला, दुसरा त्या ढोलाच्या. टिपरी त्यांच्या बोटांवर बसली. त्यांनी हात काढला नाही.

...

पुराच्या पाण्याचा आवाज आला. कुठेतरी कोंबडा आरवला.

...

मग पलीकडचा ढोल ऐकू आला, निरोपाचं शेपूट तेवढं. आई बरी आहे. मामाला कळवा, आम्ही केव्हाचे सांगतो आहोत.

बेदियाको थोडा थांबला, आणि न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. चटईवर निजणारं, जमिनीला अजून पाय न लावलेलं बाळ. मुलगी.

अडुसेई ऐकत राहिला. टिपऱ्या मांडीवर पडल्या होत्या. तो रडत होता आणि आज त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

निरोप संपला. बऱ्याच वेळाने त्याने टिपऱ्या उचलल्या आणि दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढे धरल्या.

"आजोबा, मला वाजवायला शिकवा."

ओपोकू आपली दुखरी बोटं चोळत होते. त्यांनी टिपऱ्या घेतल्या नाहीत.

"आत्ता हात थांबवून निरोप ऐकत होतास ना... तसंच वाजवत जा."