रिकाम्या मागावरचे लुगडे

फार फार वर्षांपूर्वी, मार्गशीर्ष वद्य तृतीयेला, सकाळी दाट धुके होते. दुपारी ऊन पडले. वारा अजिबात नव्हता. त्या दिवशी येसू नावाची विणकराची मुलगी नवरी होऊन दुसऱ्या गावच्या विणकराच्या घरी आली.

त्या मुलखात रीत अशी होती, की मुलगी सासरी निघाली की तिचा माग बैलगाडीत घालून तिच्याबरोबर पाठवायचा. मागावर आधीच्या कापडाचा वीतभर तुकडा तसाच ठेवायचा. सासरी गेल्यावर त्या जुन्या दोऱ्यांच्या टोकांना नवे दोरे गाठले, की लगेच विणायला बसता येई.

आणि त्या गावात एक मान होता. माघी पौर्णिमेला देवीला नेसवायचे लुगडे त्या वर्षीच्या नव्या सुनेने विणायचे. जिच्याकडून ते झाले नाही, तिच्या घराचा मान कायमचा जाई. येसूच्या सासूने हे तिला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवले होते.

येसूच्या हाताला तोड नव्हती. स्वतःच्या लग्नाचे लुगडे तिनेच विणले होते. पदरावर मोर होते, काठावर वेल होती. वर्षभर ती त्यातच होती. लग्नात लोक तिच्याकडे पाहत, मग लुगड्याकडे पाहत, आणि पुन्हा तिच्याकडे पाहत.

मग पाहुणे गेले. मांडवाचे वासे ज्याचे त्याच्या घरी परत गेले. अंगाची हळद उतरली. पौष लागला, आणि पौषात लग्ने नसतात, म्हणून गावात सनईही ऐकू येईना.

संक्रांतीला येसूला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवले, तेव्हा पुन्हा थोडी गर्दी झाली. संध्याकाळी दागिने उतरले. दुसऱ्या दिवशी तिला सकाळी उठवेना.

नवरा भला होता. त्याने विचारले, कुणी काही बोलले का. कुणीच काही बोलले नव्हते. घरात खायला होते, प्यायला होते, मायाही होती. आपल्याला कशाचे वाईट वाटते आहे, हे येसूला स्वतःलाच सांगता येत नव्हते, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटे. माग तिने आल्या दिवसापासून चादरीने झाकून ठेवला होता.

नणंद मात्र गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, “वहिनी, तुमचा माग माहेरी परत निघालाय का? अजून तोंडावरचा पदरसुद्धा काढला नाही त्याने.”

शेजारणींत कुजबुज सुरू झाली, की नव्या सुनेला आपल्या हाताचा गर्व आहे. ते सासूच्या कानावर आले. दुपारी ती मागापाशी गेली आणि तिने चादर ओढली.

मागावर एक दोराही नव्हता. दोरे ज्यातून ओवतात त्या फणीच्या साऱ्या फटी मोकळ्या होत्या.

“वीतभर तुकडा कुठं गेला गं?” सासूने विचारले.

येसूने मान खाली घालून सांगितले. लुगडे मागावरून उतरवताना मावशी म्हणाली होती, लग्नाचे लुगडे आहे, त्यातला एक दोराही मागे राहायला नको, पदराला लांब दशा हव्यात. तेव्हा तिलाही ते पटले होते. तिने सगळे दोरे मुळापासून कापून घेतले होते.

“आणि आता बसावंसंच वाटत नाही, आत्याबाई,” ती म्हणाली. “सगळं चांगलं आहे. तरी सकाळी डोळे उघडले की वाटतं, आता कशासाठी उठायचं?”

सासू जमिनीवर बसली.

“मला वाटलं, मला एकटीलाच असं होतंय,” ती म्हणाली. “लग्नघरात शंभर माणसं मला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नव्हती. मीठ किती, पान कुणाचं, आहेर कुणाला. काल मी मांजराला हाकललं, तर तेसुद्धा उठलं नाही.”

येसूला हसू आले, आणि हसता हसता ती रडली. सासूने तिला रडू दिले. मग सासूने सुताची लड आणली.

“आता गाठायला जुनं काही नाही, तेव्हा प्रत्येक दोरा नव्याने ओवावा लागेल. मी मागून एकेक देते, तू ओढून घे.”

येसूने विचारले, इतक्या थोड्या दिवसांत मोर कसे होतील. देवीसमोर आतापर्यंत किती देखणी लुगडी आली असतील.

“साधं विण,” सासू म्हणाली. “देवीचंही रोज लग्न नसतं.”

दोघी समोरासमोर बसल्या. ओवण्याचे काम कंटाळवाणे असते. नजर हलवता येत नाही, पण तोंड मोकळे असते. त्या लग्नाबद्दल बोलत राहिल्या. कुणाचा फेटा वरातीत सुटला, कोणत्या काकांनी रुसून बसून, समजूत काढल्यावर तिसऱ्यांदा जेवण केले, निघताना आईने हात कसा घट्ट धरला होता. एखाद्या आठवणीला येसूचे डोळे भरत आणि दोरा दिसेनासा होई. तेव्हा सासू थांबे. नणंद टोमणा मारायला आली आणि लड धरून बसली.

सगळे दोरे ओवून झाले, तेव्हा येसू आडवा दोरा फिरवणारा धोटा हातात घेऊन बसली. पहिले वीतभर कापड वेडेवाकडे झाले. तिने ते उकलले आणि पुन्हा विणले. त्यानंतर पहाटे तिला कुणी उठवावे लागले नाही.

माघी पौर्णिमेला देवळात लुगड्याची घडी उघडली. बायका पुढे सरकल्या. गावातली एक मानाची बाई म्हणाली, “मोर नाहीत?”

सासूने येसूला दंडाला धरून पुढे उभे केले. “माझी सून ओक्याबोक्या मागावर बसली होती,” ती म्हणाली. “गाठायला मागचा एक दोरा नव्हता. इथं सगळी विणकरांचीच घरं आहेत. त्याला काय लागतं, ते मी सांगायला नको.”

म्हाताऱ्या विणकरांनी काठ बोटांनी चाचपून पाहिला. तो टोकापासून टोकापर्यंत सरळ होता. त्यांनी येसूकडे पाहिले आणि माना डोलावल्या. येसू ताठ उभी राहिली. सासू तिच्याहून ताठ होती.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, मोठा सोहळा सरला की मन रिकामे होते. त्याची लाज धरून ते झाकू नये, आपल्या माणसाला दाखवावे आणि साध्या कामाने दोरा दोरा करून पुन्हा भरावे.

त्या वर्षी देवीला नेसवलेले लुगडे नऊ वारांचे, पांढरे, बोटभर तांबड्या काठाचे होते. मान त्याच घरी राहिला.