टिटवीची हाक

फार पूर्वी एका नदीकाठची पाखरं आपापल्या झाडावरून गात आणि एकमेकांना न पाहताच दाद देत. वाळूत अंडी उबवणारी टिटवी बेसूर होती, पण "छान जमतंय" असं ऐकून तीही रोज गाऊ लागली.

एका संध्याकाळी नदी फुगली. टिटवी ओरडली, "पाणी अंड्यांपाशी आलंय! कुणीतरी या, मिळून वर ढकलू!"

"वा! काय आर्त सूर!" दयाळ पक्षी म्हणाला.

"अरे, हे गाणं नाही!"

"ही ओळ तर काळजाला भिडली!" सगळी पाखरं म्हणाली.

सकाळी वाळू रिकामी होती. टिटवी गप्प का, हे बघायला दयाळ समोरच्याच बाभळीवरून उडत आला आणि ओशाळला. "मला खरंच गाणं वाटलं गं."

टिटवीने बाभळीकडे पाहिलं.

"तू इतक्या जवळ राहतोस?" तिने विचारलं.