फण्या घेणारी मुकी

लई पूर्वी सोपाऱ्याच्या बंदरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत हुता, तवा बोधिसत्त्व तिथल्या एका हमालाच्या पोटी जलमाला आला. नाव त्याचं गोपक. बाप गलबतावरची पोती व्हायचा, आन् गोपक बी कळता झाल्यापासनं तेच करायचा. बंदरावर दहा मुलखांची माणसं उतरायची. कुणी आजारी पडला की त्याचे सोबती त्याला धर्मशाळेत टाकून पुढं जायचे. गोपक अशा माणसांना पाणी पाजायचा, त्यांचं हागणंमुतणं काढायचा. तापात माणूस आपल्या आईच्या भाषेतच बोलतो. ते ऐकून ऐकून गोपकाला सात भाषा आल्या.

आईबाप गेल्यावर सोमिल शेटनं त्याला आपल्या दुकानावर हाळी द्यायला ठेवलं. शेट शिंगाच्या आन् हस्तिदंताच्या फण्या इकायचा. बाजारात फण्यांची आणखी चार दुकानं हुती. ती समदी सोपाऱ्याच्या बोलीत बोंबलायची, "फणी घ्या, फणी!" परदेशी माणूस कानावर हात ठेवून पुढं निघून जायचा.

गोपक बोंबलायचा न्हाई. दुकानाम्होरं चटई टाकून बसायचा आन् येणाऱ्याचे पाय बघायचा. पायताणावरनं त्याचा मुलूख वळखायचा. त्या मुलखात आल्यागेल्याला घरची माणसं जे इचारतात, तेच इचारायचा. फणीचं नाव काढायचा न्हाई. वाळूच्या मुलखातला आला की, "तुमची उंटं पाणी प्याली का?" डोंगरातला आला की, "वरच्या वाटंवरचं बर्फ इरघळलं का?" माणूस जागच्या जागी थांबायचा. सहा सहा म्हैने ज्याच्या कानावर घरचं अक्षर पडलं न्हाई, तो दुसरं काय करील? चटईवर बसायचा. उंटाचं सांगायचा, बायकोचं सांगायचा, डोळं पुसायचा आन् जाताना फणी घेऊन जायचा.

शेटला वाटलं, हे तर सोपं हाय. एकदा गोपक जेवाय गेला तवा शेट सोता चटईवर बसला. डोंगरातला एक दांडगा गडी आला. शेटनं पाठ केलेलं धाडदिशी म्हटलं, "तुमची उंटं पाणी प्याली का?" त्या गड्याला वाळूकडची भाषा थोडी कळायची. त्यानं शेटची गचुरी धरली. "उंट कुणाला म्हणतोस रं, भाड्या?"

गोपक उष्ट्या हातानं पळत आला आन् त्यानं सोडवासोडव केली.

"शेट, नुसतं पाठ करून भागत न्हाई," तो म्हणाला. "म्होरं कोण हाय ते तरी बघा."

"तूच बस बाबा," शेट गळा चोळत म्हणाला. "माझं मुंडकं जायचं एखांद्या दिशी."

त्याच बंदरावर गलबतांची शिडं शिवणारी एक म्हातारी हुती. समदं सोपारं तिला मुकी म्हणायचं. बावीस वर्सांमागं एक गलबत फुटलं, तवा फळीला धरून ती किनाऱ्याला लागली हुती. नाव तिचं केवा. पर नाव सांगायला म्होरच्याला भाषा तर समजाय पायजे. ती लांबच्या एका बेटावरची. तिकडची नाव तीन वर्सांतनं एकदा सोपाऱ्याला यायची. दोन-तीन दिवस केवाच्या कानावर घरचे बोल पडायचे. मग नाव जायची, आन् ही ठिपका दिसंनासा हुईपर्यंत वाळूत उभी. भाडं न्हवतं. शिडं शिवून, पोटाला मारून तिनं चांदीचे दोन वाळे केले हुते. पुढची नाव आली की वाळे देऊन घरी जायाचं, एवढं एकच तिच्या जिवाला हुतं.

एक दिवस ती शेटच्या दुकानाचं आडोशाचं कापड शिवून घेऊन आली. गोपकानं सवयीनं तिचे पाय बघितले. पाय अनवाणी, पर घोट्यावर निळा मासा गोंदलेला. तसाच मासा त्यानं धर्मशाळेत मेलेल्या एका खलाशाच्या पायावर बघितला हुता. त्यानं त्या खलाशाच्या बोलीत इचारलं, "तुझ्या दाराला आज वारं कुठनं?"

म्हातारीच्या हातनं कापड पडलं. ती धुळीतच बसली. मग गंजलेल्या कडीवानी आवाज आला.

"समिंदराकडनं. समिंदराकडनं येतंय."

"आयला!" शेजारचा दुकानदार वरडला. "मुकी बोलली की!"

त्या दिशी ती दिवस मावळंस्तवर चटईवर बसली. दुसऱ्या बाजारी परत आली, तिसऱ्या बाजारी परत आली. शेट आतनं बघत हुता. त्यानं गोपकाला हाक मारली.

"ही बया दर बाजारी येती, जागा अडवती आन् फुकट बोलून जाती. तू तिचा जावई हायस का?"

"म्हातारी हाय, शेट. बोलू द्या की."

"बोल. मी कुठं न्हाई म्हणतोय? पर हातात फणी घेतल्याबिगर तिच्यासंगं एक शबुद बोलायचा न्हाई. हे दुकान हाय, धर्मशाळा न्हाई."

गोपकानं मान डोलवली. तिथं चुकलं त्याचं. बोधिसत्त्व झाला म्हणून चुकत न्हाई, असं कायी न्हाई.

मग म्हातारी यायची, आधी फणी घ्यायची, मग बोलायची. आपल्या बेटावरच्या माडांचं, भणीचं, वाळत घातलेल्या माशांच्या वासाचं बोलायची. बोलणं संपलं की परत जायची. गोपकाला बी बरं वाटायचं. गिऱ्हाईक खूश, शेट खूश. एका बाजारी तिनं चांदीचे वाळे काढून दिले आन् हस्तिदंताची थोरली फणी घेतली. त्या दिशी ती जरा जास्त वेळ बसली. वाळे कशासाठी ठेवलेले, हे गोपकानं इचारलं न्हाई. दुनियेला उंटांचं इचारणारा माणूस, पर हे इचारायचं त्याला सुचलं न्हाई.

पुढच्याच पंधरवड्यात बेटाची नाव आली. बंदरावर समदे जमले, पर केवा कुठं दिसंना. गोपकाला वाटलं, म्हातारीला कळलंच न्हाई वाटतं. तो पळत तिच्या झोपडीवर गेला आन् दारातच थबकला. कुडाच्या भिताडात फण्या खोचलेल्या, वरपासनं खालपतुर. एकीला बी तेलाचा डाग न्हाई. म्हातारी मधी बसलेली. डोईचं फडकं सुटलं हुतं, आन् डोक्यावर एक केस न्हवता. बुडत्या गलबतातनं वाचली त्या सालच्या तापात गेले, ते परत आलेच न्हाईत.

"आजी," गोपक म्हणाला, "तुझ्या बेटाची नाव आलीया. ऊठ."

"ठावं हाय. शिड वळखलं मी."

"मग चल की!"

"कशानं जाऊ? भाड्याचे वाळे तुझ्या शेटकडं हायत."

गोपक उंबऱ्यावर बसला. "आगं, केस न्हाईत तुला! मग एवढ्या फण्या कशाला घेतल्यास?"

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. राग न्हवता तिच्या डोळ्यात. राग असता तर बरं झालं असतं.

"तू फणीबिगर बोलत न्हवतास, लेका."

गोपकानं भिताडातल्या समद्या फण्या उपसल्या, फडक्यात बांधल्या आन् शेटच्या म्होरं आणून वतल्या. "शेट, ह्या घ्या. तिचे वाळे द्या. तिची नाव परवा सुटतीया."

"इकला माल परत घेत न्हाई," शेट म्हणाला. "मी काय तिच्या घरी गेलो हुतो? ती आली, तिनं घेतलं."

"तिनं फणी मागितलीच न्हवती. तिला बोलणं पायजे हुतं."

"बोलणं माझ्या दुकानात हुतं, म्हंजी माझा माल. हस्तिदंत बी हत्तीचाच असतो. मी काय हत्तीला इचारून इकतो?"

गोपकाच्या तोंडावर शिवी आली हुती. ती त्यानं गिळली, कारण त्या पापात निम्मा वाटा त्याचा सोताचा हुता. त्यानं चटई गुंडाळून शेटच्या पायाशी ठेवली. "दुसरा बघा," म्हणाला, आन् बंदराकडं चालू लागला.

नावेचा तांडेल, म्हंजी खलाशांचा मुकादम, लई खडूस माणूस.

"भाडं न्हाई तर जागा न्हाई," तो म्हणाला. "म्हातारीच्या रडण्यानं शिड फुगत न्हाई."

"मी तुमच्या बोलीत बोलतोय, ऐकताय न्हवं?" गोपक म्हणाला. "अशा सात येतात मला. तुमी काथ्याचे दोर इकत बंदरं हिंडता. मला न्या. मी हाळी देतो. पगार नको. तिला घरी पोचवा."

तांडेलानं त्याला खालपासनं वरपतुर बघितलं. "तीन वर्सं. बेटापासनं पुढची समदी बंदरं करून परत सोपाऱ्याला येईस्तवर. मधी उतरायचं न्हाई."

"चालंल. पर एक सांगतो. माझ्यासंगं बोलायला कुणाला दोर घ्यावा लागणार न्हाई. बोलणं फुकट ऱ्हाईल."

"मग दोर कोण घेईल, तुझा बाप?"

"ज्याला काय बांधायचं असंल तो घेईल."

तांडेलाला हसू आलं. मग म्हणाला, "चढ."

नाव सुटली. सुकाणूच्या शेजारी केवा बसायची आन् दिवसभर बोलायची. बावीस वर्सांचं साठलं हुतं. खलाशी वैतागले. "हिला मुकी कुणी म्हटलं त्याला आणा रं हिकडं," म्हणायचे. वाटंतल्या बंदरांवर गोपक उतरायचा, माणसांना घरचं इचारायचा, ऐकून घ्यायचा. कुणी दोर घ्यायचे, कुणी नुसतं बोलून जायचे. दोर पैल्यापेक्षा थोडे कमीच खपले. तांडेल कुरकुरला, पर दिलेला शबुद त्यानं मोडला न्हाई.

एका सकाळी बेट दिसलं. नाव किनाऱ्याला टेकायच्या आधीच केवा पाण्यात उतरली. वाळूत बायका मासे पालथे करीत हुत्या. त्यातल्या एकीनं मान वर करून इचारलं, "तुझ्या दाराला आज वारं कुठनं, बाई?" केवानं काय उत्तर दिलं ते लाटांच्या आवाजात ऐकू आलं न्हाई. समद्याजणी उभ्या ऱ्हायल्या, तिच्याभवती गोळा झाल्या. बोलत बोलत ती त्यांच्यात मिसळली आन् माडांत दिसंनाशी झाली.

एक खलाशी थुंकला. "लई उपकाराची जाण असलेली बाई! वळून सुदिक बघितलं न्हाई तुझ्याकडं."

"वळली असती," गोपक म्हणाला, "तर अजून माझी गरज हाय असं झालं असतं."

तसं म्हणाला खरा. पर दोर उतरवून झाल्यावर तो किनाऱ्यावर एकटा बसला. भवती समदं बेट बोलत हुतं, त्याला शबुद न् शबुद कळत हुता, आन् सोपाऱ्याच्या बोलीतलं एक अक्षर त्यात न्हवतं. सोपारं कुठल्या दिशेला, ते त्यानं तांडेलाला इचारून घेतलं. अजून जवळजवळ तीन वर्सं काढायची हुती. मग उठून नावेत चढला.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हंजी बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वानं, विहारात सांगितली. तवा नेलक नावाचा एक नवा भिक्खू लांबच्या डोंगरातनं आला हुता. त्याला तिथली बोली येत न्हवती, म्हणून सुदत्त नावाचा भिक्खू त्याची नक्कल करून बाकीच्यांना हसवायचा. त्यापायी नेलकानं बोलणंच सोडलं हुतं. खंबाच्या आड बसायचा आन् डोंगराकडं बघायचा. शास्ता त्याच्याजवळ जाऊन बसले. आधी त्याच्या बोलीत त्याचं घरचं इचारलं, मग समद्यांना ही गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "भिक्खूंनो, तवाचा सोमिल शेट म्हंजी आजचा सुदत्त. तो खडूस तांडेल म्हंजी तुमचा स्वैपाकघर बघणारा थोरला भिक्खू. फण्या घेणारी म्हातारी म्हंजी हा नेलक. आन् हाळी देणारा गोपक मीच हुतो. घरापासनं तुटलेल्या माणसाला त्याच्या बोलीत इचारावं आन् त्याच्याकडनं काय बी घेऊ नये, ह्याला मैत्री म्हणतात."

सुदत्तानं मान खाली घातली. मग उठून तो नेलकाकडं गेला आन् डोंगरात घरी आल्यागेल्याला काय इचारतात, ते शिकवायला सांगू लागला.